अक्कांच्या कानातला कापूस

डॉक्टरीण गोदाक्का ठार बहिऱ्या आहेत, असं निम्म्या सोलापूरचं ठाम मत होतं. उरलेल्या निम्म्यांचं म्हणणं असं, की बाईला ऐकू चांगलं येतं, पण ती मुलखाची आगाऊ आहे. मी त्यांच्याच घरात खालच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होते, मुलींच्या शाळेत मास्तरीण होते, तेव्हा मला विचाराल तर दुसऱ्या निम्म्यांचं बरोबर होतं. सकाळी माझ्या हातून पातेलं जरा आपटलं, की जिन्यावरून आवाज यायचाच, "मास्तरीण, राग हेडबाईंचा आहे ना? मग पातेल्याला कशाला मारतेस?" असे कान!

पण त्यांच्या दवाखान्यातल्या टेबलावर काचेची एक वाटी असे आणि त्या वाटीत कापसाचे दोन बोळे. सोलापूरसारख्या गिरण्यांच्या गावात कापसाचं कौतुक ते काय? भोंगा झाला की कामावरून परतणाऱ्या बायकांच्या केसांतसुद्धा कापूस असायचा. तरी हे दोन बोळे अख्ख्या गावाला ठाऊक होते. बाई आली, बाकावर बसली, पदर तोंडाशी नेऊन म्हणाली, "अक्का, आता तुमच्यापासून काय लपवू, खरं सांगू का...", की अक्कांचा हात वाटीकडे गेलाच म्हणून समजा.

"थांब. कुठं दुखतंय ते सांग, कधीपासून दुखतंय ते सांग. कुणापायी आणि कशापायी, ते देवाला सांग जा. त्याला कोर्टाचं बोलावणं येत नाही."

आणि दोन्ही बोळे दोन्ही कानांत. मग बाई कितीही रडो, बोलो, अक्का तिचं पोट तपासत, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघत, जीभ बाहेर काढायला लावत. मी एकदा म्हटलं, "अहो, पण माहिती नसली तर औषध कसं देणार?" तर म्हणाल्या, "शरीर सगळं दाखवतं. तोंड फक्त नावं सांगतं. आणि नावं मला नकोत."

उंचीला बेताच्या, अंगानं भरलेल्या, काठाचं पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, आणि पायांत पुरुषी वहाणा. लहानपणीच विधवा झालेल्या. सासरच्यांनी कोपऱ्यात बसवलं होतं, तिथून एका मामांनी उचललं, शिकवलं, मुंबईला पाठवून डॉक्टर केलं. याहून जास्त त्यांनी स्वतःबद्दल कधी सांगितलं नाही, आणि मीही खोदलं नाही. घरी भाकरीबरोबर शेंगांची चटणी एवढी घेत, की बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत दर वर्षी मोठ्या पाळण्यात बसत आणि पाळणा वर गेला की लहान पोरीसारख्या किंचाळत. खाली उतरल्यावर ओळखीचं कुणी दिसलं, की लगेच डॉक्टरीण. मी त्यांचं गाणंही ऐकलंय. त्याबद्दल न बोललेलं बरं.

एक गोष्ट मात्र अशी होती, की तिच्यापायी आमची बोलायची सोय नव्हती. अक्का खोटं बोलत नसत. म्हणजे अजिबातच नाही, अगदी गोड वाटावं म्हणूनही नाही. मामलेदारांच्या नातवाच्या बारशाला गेल्या. सगळ्या जणी "कसा गोंडस, कसा गोंडस" करतायत. मामलेदारीणबाईंनी मुद्दाम विचारलं, "कुणावर गेलाय हो, अक्का?" अक्कांनी पाळण्यात वाकून नीट बघितलं. म्हणाल्या, "नाक आजोबांचं आलंय बिचाऱ्याला. पण तब्येत उत्तम आहे." बाई बाई बाई! मी पेढा तोंडात तसाच धरून भिंतीकडे बघत बसले.

कुणाच्याही घरात त्या पुढच्या दारानं जायच्या, हे आणखी एक. सुरुवातीला लोक त्यांना मागच्या दारानं बोलवायचे. विधवा बाई, बाळंतिणीची खोली, सकाळची वेळ, नको ते अपशकुन. एकदा एका बड्या घरी अडलेल्या सुनेसाठी बोलावलं आणि गड्यानं परसदाराची वाट दाखवली. अक्का ओट्यावर बॅग ठेवून तिथंच बसल्या. म्हणाल्या, "पोटात कळा आल्या की मी देवी, आणि हळदीकुंकवाला मात्र विधवा? दार उघडा, नाहीतर टांगा थांबलाय माझा." दार उघडलं. सून सुटली, मूलही नीट झालं. त्यानंतर सोलापुरात अक्कांना कुणी मागची वाट दाखवली नाही.

पुरुषांवर तर त्यांचा विशेष राग. कचेरीतले एक हेडक्लार्क होते, त्यांची बायको सातव्या बाळंतपणात अडून आलेली. बाई म्हणजे नुसता सांगाडा. कशीबशी वाचली. अक्कांनी नवऱ्याला बोलावून सांगितलं, "आणखी एक बाळंतपण म्हणजे ही गेली." हेडक्लार्क टोपी सावरत म्हणाले, "अक्का, देवाचं देणं आहे. माणसाच्या हातात काय आहे?"

"अस्सं?" अक्का म्हणाल्या. त्यांनी गड्याकरवी पायलीभर ज्वारीची पिशवी आणवली, जुन्या लुगड्यानं ती हेडक्लार्कांच्या पोटावर करकचून बांधली आणि सांगितलं, "आता जिना चढा आणि उतरा. मी थांबा म्हणेपर्यंत." दवाखाना बायकांनी भरलेला. क्लार्कसाहेब चढतायत, उतरतायत, घामानं कोटाची पाठ भिजलीय, आणि बायका पदर तोंडात कोंबून बसल्यात. शेवटी ते पायरीवर बसले आणि गाठ सोडायला लागले, तर अक्का वरून ओरडल्या, "सोडू नका! देवाचं देणं आहे!"

मग मात्र त्यांनी नवराबायको दोघांना आत नेलं, दार लावलं आणि मूल न होण्यासाठी काय करता येतं ते नीट, न लाजता समजावून सांगितलं. त्या काळी हे उघड बोलणं म्हणजे केवढं धाडस! गावात बोभाटा झाला. डॉक्टरीण बायकांना बिघडवते, धर्म बुडाला, वगैरे वगैरे. अक्कांना त्याचं डोंबल काही वाटलं नाही. पुढं दर होळीला हेडक्लार्कांच्या घरून पुरणपोळ्या यायच्या, आणि डबा घेऊन खुद्द तेच यायचे. जिना मात्र चढत नसत, खालीच माझ्याकडे देऊन जात.

हे सगळं सांगितलं ते अशासाठी, की ही बाई कशी होती ते कळावं. आता राजव्वाचं सांगते.

राजव्वा पद्मशाली घरातली, म्हणजे तेलुगू विणकरांतली. वय असेल विशीच्या जरा पुढं. नवरा तापानं गेला होता. पदरात चार वर्षांची पोर, सावी. राहायची दिराच्या घरात, त्याच्या मागांवर राबायची. एका दुपारी शेजारच्या सायव्वानं तिला हातगाडीवर घालून आणलं. सायव्वा म्हणजे त्या पेठेची आजीच, डोईचे केस पांढरे, आवाज खणखणीत. गाडीवरची गोधडी रक्तानं भिजलेली. राजव्वाचे ओठ पांढरे पडलेले, आणि तशातही ती पुटपुटत होती, "अक्का, म्या सांगते... म्या सांगते की समदं..."

अक्कांनी आधी कानांत बोळे घातले. मग बाह्या वर केल्या.

सगळी दुपार आणि संध्याकाळ त्या तिच्यापाशी होत्या. पोर सावी माझ्या खोलीत होती, तिला मी पाटीवर मोर काढून दिला. दिवेलागणीला अक्का खाली आल्या, ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "वाचली." एवढंच.

ती वाचली, हेच दिराला रुचलं नाही. मल्लय्या त्याचं नाव. त्यानं फौजदाराकडे जाऊन वर्दी दिली, की माझ्या भावजयीला नवरा गेल्यावर दिवस राहिले होते आणि तिनं औषध खाऊन गर्भ पाडला. कायदा तेव्हा सरळ होता. गर्भ पाडणाऱ्याला कैद आणि आपल्या पोटातला गर्भ पाडणाऱ्या बाईलाही कैद. गुन्हा शाबीत झाला, की राजव्वा तुरुंगात, तिचा त्या घरातला हक्क संपला, आणि सावी मल्लय्याच्या हातात. राजव्वाला तुरुंगाचं भय नव्हतं. खाटेवर पडल्यापडल्या ती एकच विचारायची, "माझी सावी कुणाकडं ऱ्हाईल, अक्का?"

फौजदार दवाखान्यात आले. भले गृहस्थ होते, उगाच वाईट म्हणणार नाही. म्हणाले, "अक्का, आम्ही काय करणार? कायदा आहे."

"कायदा लिहिणाऱ्यांत एकाला तरी कळा आल्या होत्या का हो?" अक्कांनी विचारलं.

फौजदार लाजले आणि साक्षीचं समन्स टेबलावर ठेवून गेले. अक्का त्याच्याकडे बघत राहिल्या. मी त्यांना एवढं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. सर्वांना दटावणारी ही बाई, पण तो कागद काही तिनं उचलला नाही.

त्या दिवशी त्यांनी मला कापसाचं कारण सांगितलं. नोकरीच्या पहिल्या गावी अशीच एक विधवा त्यांच्याकडे आली होती. तिनं रडून रडून सगळं सांगितलं. अक्कांनी तिला धीर दिला, पाठीवरून हात फिरवला. पुढं कोर्टात विचारलं, "आरोपीनं तुम्हाला काय सांगितलं?" अक्का खोटं बोलत नव्हत्या. त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. बाईला कैद झाली.

"तिनं माझ्याकडे एकदाच बघितलं, मास्तरीण," अक्का म्हणाल्या. "रागानं नाही गं. नुसतं बघितलं. तेव्हा ठरवलं, खोटं मला बोलवत नाही, तर निदान ऐकायचं तरी नाही."

मला रडू आवरेना. त्या मात्र उठल्या आणि म्हणाल्या, "चटणी संपलीय. शेंगा आण उद्या."

खटला उभा राहिला तो वैशाखात. मला उन्हाळ्याची सुट्टी होती, म्हणून गेले. कोर्टाचे व्हरांडे तापून निघालेले. आत एका बाजूला विणकरांचे पंच फेटे बांधून बसलेले, मागं पेठेतल्या बायका दाटीवाटीनं उभ्या, आणि आरोपीच्या जागी राजव्वा, इतकी लहान दिसत होती, की काय सांगू. मॅजिस्ट्रेट वयस्कर होते, मराठीच होते.

सरकारी वकिलांची सगळी मदार सायव्वाच्या साक्षीवर होती. राजव्वाला दिवस होते हे आधी दाखवायला हवं ना? ते कसं दाखवणार? तर महिन्याच्या महिन्याला बाई चार दिवस बाजूला बसते, तेव्हा साऱ्या आळीला कळतं. ती बसली नाही, म्हणजे तिला दिवस गेले. फौजदारांना हे अगदी बिनतोड वाटलं होतं. त्यांच्या घरात बायका बसायच्या, त्यांच्या मेव्हण्याच्या घरात बसायच्या, तेव्हा सगळ्या जगात बसत असणार.

सायव्वा पिंजऱ्यात आली. शपथ घेतली. वकिलांनी विचारलं, "माघ, फाल्गुन, चैत्र. या तीन महिन्यांत राजव्वा बाजूला बसली होती का?"

सायव्वानं खाली बघितलं. "न्हाई बसली."

"एकदाही नाही?"

"न्हाई."

वकील समाधानानं बसले. मल्लय्यानं मिशीवरून हात फिरवला.

मग अक्कांचं नाव पुकारलं. व्हरांड्यात बसून त्यांनी सगळं ऐकलं होतं. वहाणा बाहेर काढून त्या आल्या. वकिलांनी विचारलं, "आरोपीला काय झालं होतं?"

"रक्त जात होतं. मी ते थांबवलं."

"गर्भ पडल्यामुळे?"

"त्यानं जातं. दुसऱ्या दहा कारणांनीही जातं. माझ्याकडे आली तेव्हा फक्त रक्त होतं."

"तुमचा अंदाज सांगा."

"अंदाजावर मी औषध देत नाही. तुम्ही अंदाजावर कैद देऊ नका."

मागं कुणीतरी हुंकार भरला. मॅजिस्ट्रेटनी वर बघितलं. वकील जरा चिडले. "बरं. आरोपीनं स्वतः तुम्हाला काय सांगितलं?"

अक्कांनी राजव्वाकडे बघितलं. मला ठाऊक होतं, की त्यांना आता ती जुनी बाई दिसतेय. मग त्यांनी स्वच्छ सांगितलं, "बोलत होती. पण माझ्या कानांत कापूस होता."

वकील हसले. "रोग्याला तपासताना? कानांत कापूस? साहेब, हे..."

"व्हय साहेब, असतोय की!" मागनं एकदम पाचपंचवीस आवाज उठले. "अक्काच्या कानात कापूस असतोयच! कुणालाबी विचारा!" पट्टेवाला गप्प करायला धावला, पण खुद्द कोर्टाचा कारकूनच मान डोलावत होता. त्याच्या बायकोची दोन बाळंतपणं अक्कांनीच केली होती.

बायका गप्प झाल्या आणि मग अक्का मॅजिस्ट्रेटकडे वळल्या. "साहेब, मला एक विचारू द्या. मी नाही, तुम्हीच सायव्वाला विचारा. त्या तीन महिन्यांत तिच्या सुना बाजूला बसल्या होत्या का?"

वकील उठले, हे काय चाललंय म्हणाले. मॅजिस्ट्रेटनी हातानंच त्यांना बसवलं आणि सायव्वाला पुन्हा उभं केलं.

आता खरी पंचाईत होती ती सायव्वाची. लग्नसराईच्या आधीचे ते महिने. लुगड्यांच्या मागण्या डोक्यावर असतात, विणायच्या सुताच्या कांड्या भरायला घरातली एकेक बाई लागते. चार दिवस एक जण बाजूला बसली, तर माग थांबतो. म्हणून त्या दिवसांत विणकरांच्या पेठेत कुणीच बसत नसे. सगळ्यांना ठाऊक, आणि कुणी बोलत नसे. देवघराला तेवढं शिवायचं नाही, एवढंच पाळायचं. पण हे पंचांच्या देखत उघड बोलायचं? म्हणजे पेठेतल्या घराघरात विटाळ कालवला, असं म्हणण्यासारखं होतं. पंचांनी घर वाळीत टाकलं तर?

सायव्वानं पंचांकडे बघितलं. मग अक्कांकडे बघितलं. तिची सगळी नातवंडं अक्कांच्या हातांवर आली होती. अक्कांनी डोळ्यांनीही खुणावलं नाही.

"न्हाई बसल्या," सायव्वा म्हणाली. आणि मग तिचा तो खणखणीत आवाज सुटला. "माज्या सुना न्हाई बसल्या, समोरच्या घरातल्या न्हाई बसल्या, ह्या मल्लय्याची बायकूबी न्हाई बसली! लगीनसराईच्या आदी कोन बसतंय? बसलं तर कांड्या कोन भरंल, फौजदार भरतील व्हय?"

काय हशा उसळला! मॅजिस्ट्रेटसाहेबसुद्धा रुमाल तोंडाला लावून बसले. मागच्या बायका एकमेकींना ढकलत होत्या, लाजत होत्या आणि हसत होत्या. पंच जमिनीकडे बघत होते, कारण त्यांच्याही घरातली गोष्ट होती ना ती. कुणाला वाळीत टाकणार?

हशा ओसरल्यावर अक्का शांतपणे म्हणाल्या, "साहेब, बाजूला बसली नाही म्हणून हिला दिवस होते म्हणायचं, तर अख्ख्या पेठेला अटक करावी लागेल. माझ्या दवाखान्यात एवढ्या खाटा नाहीत."

मॅजिस्ट्रेटनी पुरावा नाही म्हणून राजव्वाला सोडलं. ती बाहेर आली, सावीला तिनं उचललं आणि व्हरांड्यात मटकन खाली बसली. मल्लय्याची बायको सगळ्यांदेखत तिच्याशेजारी जाऊन बसली आणि तिनं तिला पाणी दिलं. मल्लय्या कुठून सटकला ते कळलंच नाही. राजव्वा पुढं सायव्वाच्या घरात राहिली, तिथल्या मागावर कामाला लागली, आणि सावी माझ्या वर्गात आली.

आम्ही टांग्यातून घरी आलो. मी आपली आनंदात. अक्का त्या दिवशी जेवल्या नाहीत. मी ताट घेऊन वर गेले तर म्हणाल्या, "खोटं नाही बोलले गं. पण खरंही बोलले नाही."

"अहो, पण पोर वाचली ना!"

"वाचली. म्हणून तर नुसता उपास. नाहीतर पश्चात्ताप करायला लागला असता." आणि हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "चोराला आणि मरता मरता वाचलेल्या बाईला एकाच पिंजऱ्यात उभं करतात, मास्तरीण. हे असं का? कुणीतरी कधीतरी विचारेल की नाही?" ताट मी झाकून ठेवलं, आणि पहाटे बघितलं तर चटणी तेवढी संपलेली होती.

राजव्वा अधूनमधून यायची. उंबऱ्याशी बसायची, पायाला हात लावायची आणि तोंड उघडायची, "अक्का, ते त्या वक्ताला..." अक्कांचा हात लगेच वाटीकडे. राजव्वा गप्प. अशी वर्षं गेली. बाई हसायची, काम करायची, पोरीला शिकवायची, पण पाठीवर ओझं घेतल्यासारखी जरा वाकूनच चालायची. ते ओझं कुठलं, हे न कळण्याइतक्या आम्ही दोघी खुळ्या नव्हतो.

सावी शेवटच्या इयत्तेत गेली, त्या वर्षी अक्कांना हृदयविकारानं गाठलं. दवाखाना बंद झाला. पाटी उतरवून माझ्याच खोलीत आणून ठेवली. अक्का वरच्या खिडकीशी खाटेवर पडून असत. आवाज बारीक झाला होता, पण शिव्या तशाच. काचेची वाटी मात्र त्यांनी टेबलावरून मागून घेतली होती आणि उशाशी ठेवली होती. बोळे कानांतच असत. मी मोठ्यानं विचारलं, "आता कशाला? आता कोण येतंय?" तर म्हणाल्या, "सवय."

एका सकाळी राजव्वा आली. सावी पास झाल्याचे पेढे घेऊन आली होती. पेढा ठेवला, पाया पडली, आणि नेहमीसारखं तिचं तोंड उघडलं, "अक्का..." आणि नेहमीसारखीच ती थांबली.

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. "मास्तरीण, पाटी उतरवली ना गं?"

मी मान हलवली.

"म्हणजे मी आता डॉक्टरीण नाही. मला आता कुणी समन्स लावणार नाही. आणि लावलंच तर जायला मी असणार नाही."

असलं काही बोलू नका, असं मी म्हणणार, तेवढ्यात त्यांनी हात वर नेला. आधी एका कानातला बोळा काढला. मग दुसऱ्या कानातला. दोन्ही माझ्या तळहातावर ठेवले. हात गार होता त्यांचा.

"धर. आता तुझी पाळी." आणि राजव्वाला म्हणाल्या, "ये बाई. जवळ बस. सांग आता. सगळं सांग, कुणापायी, कशापायी, सगळं. मी ऐकते."

मी बाहेर आले. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले, कुणाला वर येऊ द्यायचं नाही म्हणून. आणि अक्कांचे ते दोन बोळे माझ्या कानांत घातले.

दार पुरतं लागलं नव्हतं. फटीतून मला दोघी दिसत होत्या. राजव्वा खाटेच्या कडेला डोकं टेकून बोलत होती, तिचे खांदे हलत होते. अक्कांचा एक हात तिच्या केसांत होता, आणि दुसरा त्यांनी कानामागं धरला होता, एकही शब्द सुटू नये म्हणून.